अजून लय हाय

"अजून लय हाय. तुझ्या पायानं तास-सव्वा तास तरी."

कळसूबाईच्या वाटेवर, एक शिडी संपून पुढचा उभा चढ सुरू होतो तिथं, लिंबूसरबत विकणाऱ्या एका आजींनी माझ्या भाच्याला हे सांगितलं. १ जानेवारीची सकाळ, ऊन नुकतं अंगाला लागायला लागलेलं. पोरगं अकरा वर्षांचं, स्वेटर काढून कमरेला बांधलेला, गाल लालबुंद. तोवर त्यानं वाटेत भेटेल त्याला एकच प्रश्न विचारला होता आणि प्रत्येकाकडून एकच उत्तर मिळवलं होतं: "आलंच, दहा मिनिटं!" आजींचं उत्तर ऐकून मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. आता हा इथंच फतकल मारणार. आमच्या मागं एकसारखे टी-शर्ट घातलेला मुंबईचा एक ग्रुप होता. त्यांच्या लीडरनंही ते ऐकलं आणि गडबडीनं पुढं येऊन म्हणाला, "आजी, असं नका ना सांगू. आमची मंडळी इथूनच माघारी फिरतील." आजी लिंबू चिरत होत्या. कोथिंबिरीच्या जुडीचा भाव सांगावा तशा म्हणाल्या, "फिरंनात का. खाली घरच हाय."

सगळे हसले. लीडरही हसला आणि टाळ्या वाजवत "चला चला, दहाच मिनिटं" करत आपली माणसं वर घेऊन गेला. भाचा मात्र बसला नाही. तास-सव्वा तास म्हटल्यावर त्यानं घड्याळात बघितलं, बाटली उजेडात धरून पाणी किती उरलंय ते बघितलं, दोन घोट पिऊन झाकण घट्ट लावलं आणि चालायला लागला. पुढं बराच वेळ त्यानं कुणाला काही विचारलं नाही.

मला ते खटकलं. नेमकं काय, हे तेव्हा सांगता आलं नसतं. पण संक्रांत होऊन गेली, तिळगुळाचे डबे तळाला गेले, तरी मेथी निवडताना, सिग्नलला थांबल्यावर, ते "फिरंनात का" मध्येच कानात वाजायचं.

आम्ही आदल्या संध्याकाळीच घोटीमार्गे बारीला मुक्कामाला गेलो होतो. ३१ डिसेंबरची रात्र डोंगराच्या पायथ्याशी काढायची ही कल्पना माझ्या बहिणीची. तिला आणि मेहुण्यांना कुठंतरी पार्टीला जायचं होतं आणि पोराची सोय लावायची होती, असा मला दाट संशय आहे. गावातल्या एका घरी जेवण सांगितलं होतं. नागलीची भाकरी, पिठलं, नाकातोंडातून धूर काढणारा ठेचा. भाच्यानं काळपट भाकरीकडे बघून "ही चॉकलेटची आहे का?" असं विचारलं आणि घरातल्या काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मग त्याला चुलीपुढं बसवून त्यांनी भाकरी थापताना दाखवली. नागलीचं पीठ ज्वारीसारखं ऐकत नाही. आधणाच्या पाण्यात उकड काढली तरच ते धरून राहतं, नाहीतर कडेनं चिरतं. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला की भाकरीवरची बोटं क्षणभर चमकतात आणि मग वाळून जातात. पोरगं दोन भाकऱ्या जेवलं. घरी अर्धी पोळी खाताना याची तीन नाटकं असतात.

मध्यरात्रीच्या सुमाराला लांब कुठंतरी फटाके वाजले, गावातली कुत्री भुंकून घेऊन गप्प झाली. त्यानंतर सूर्योदय वरून बघणाऱ्यांचे जथे निघायला लागले. ओसरीवरच्या अंथरुणातून मान वर केली की काळ्या डोंगरावर बॅटऱ्यांची रांग दिसायची. ती पुढं सरकत नाही असंच वाटायचं, पण थोड्या वेळानं पाहिलं तर वर गेलेली असायची. मला त्या रांगेत जायचं नव्हतं. झोपमोड करून, अंधारात चाचपडत, पहिल्या तारखेचा पहिला सूर्य बघण्याचं जे खूळ आलंय ते मला फारसं पटत नाही. त्यात एक गंमत अशी, की २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होत असला तरी आपल्याकडे सूर्य मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत रोज थोडा थोडा उशिराच उगवत असतो. वाढ होते ती सगळी संध्याकाळच्या बाजूला. म्हणजे नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी ज्याच्यासाठी एवढी माणसं कुडकुडत उभी असतात तो आदल्या दिवसापेक्षा काही सेकंद उशिराच येतो. आणि याच आठवड्यात, ३-४ जानेवारीच्या सुमारास, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, म्हणजे साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. आपले दात वाजत असताना.

थंडी मात्र खरीखुरी होती. नाशिककरांना थंडीचं कौतुक सांगू नये. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कुठवर उतरला हे आम्ही शेअरच्या भावासारखं रोज पेपरात बघतो, आणि द्राक्षवाले बिचारे पहाटे उठून बागांमध्ये शेकोट्या पेटवत बसतात. पण बारीतला गारठा वेगळा होता. भांड्यातल्या पाण्यात बोट घातलं तर चटका बसल्यासारखं व्हायचं. कापणी झालेल्या भातखाचरांच्या बांधावर पांढुरकं दंव, हरभऱ्याच्या तुकड्यावरही दंव, गवताच्या पात्यांमध्ये कोळ्यांनी विणलेल्या जाळ्यांवर दंव. आणि नवल म्हणजे तासभर चढून गेल्यावर अंधार पुरता सरला नव्हता, ऊन आलं नव्हतं, तरी हवा मऊ झाली. चालून अंग तापलं होतं हे एक, पण तेवढंच नव्हे. रात्रभर उतारावरची हवा गार होते, गार हवा जड, ती घरंगळत खाली येते आणि खोलगट जागी साचून राहते. पहाटे सगळ्यात जास्त थंडी असते ती पायथ्याच्या गावात, डोंगराच्या कमरेला नाही. वर जाऊ तसं गारठत जाणार, ही शाळेत शिकलेली गोष्ट त्या सकाळी उलटी झाली होती. खाली वळून पाहिलं तर गावावर धूर आणि धुकं यांचा एकच पातळ थर पसरलेला, त्यातून नुसते झाडांचे शेंडे वर.

भाच्याला यातलं काही नको होतं. त्याला हवं होतं, "मावशी, किती राहिलं?"

पहिली काही वेळा मी उत्तर दिलं. मग त्यानं खालती येणाऱ्यांना गाठायला सुरुवात केली. सूर्योदयवाले परतायला लागले होते. चेहरे दमलेले पण आतून उजळलेले, कानटोप्या हातात, कुणाच्या गुडघ्याला पट्टा. "दादा, किती राहिलं?" "आलंच रे, दहा मिनिटं!" पुढं अर्ध्या तासानं दुसरा दादा. "अरे हे काय, दहा मिनिटं! हॅपी न्यू इयर!" एक ताई तर "पाचच मिनिटं, शाब्बास!" म्हणाली आणि तिनं त्याच्या हातावर राजगिऱ्याची चिक्की ठेवली. प्रत्येक वेळी पोरगं उसळी मारून पन्नास पावलं धावायचं आणि मग एक खांदा पार झाला की समोर दुसरा खांदा. कळसूबाईला ही खोड आहे. खालून जे शिखर दिसतं ते शिखर नसतं. त्यावर पोचलं की कळतं, की हा नुसता टप्पा, आणि शिखर मागं आणखी उंचावर उभं आहे. मग लोखंडी शिडी, शिडीच्या बाजूला जुन्या साखळ्या, काळा कातळ, वाळलेलं गवत आणि पुन्हा एक टप्पा. दर टप्प्याला त्याचा चेहरा आणखी थोडा उतरायचा. आजींपाशी पोचलो तेव्हा तो कुणावरच विश्वास ठेवायच्या मनःस्थितीत नव्हता. त्यांनाही त्यानं विचारलं ते जवळजवळ भांडल्यासारखंच.

बरं, खाली येणारे लोक काही मुद्दाम फसवत नसतात. उतरणीच्या पायांना वेळ कळत नाही. वर पोचल्यावर चढणीचं दुखणं पुसलं जातं, आणि उतरताना तोच टप्पा खरोखरच दहा मिनिटांत निघतो. शिवाय समोर कुणीतरी धापा टाकत उभं असतं. त्याच्या तोंडावर "दोन तास" असं कसं म्हणायचं? आपल्याकडे ते वाईट दिसतं. शिंपी ब्लाउज "उद्या" देतो, प्लंबर "निघालोच" म्हणतो तेव्हा अंघोळीलाही गेलेला नसतो, लग्नाच्या हॉलमध्ये पंगत "बसतेच आहे" असते. कुणालाच ते खोटं वाटत नाही. समोरच्याला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, म्हणून वेळ थोडा आवळून सांगायचा, इतकंच. डोंगरातल्या गावकऱ्यांचं तर वेगळंच असतं. "हे काय, हितंच" म्हणतात ते त्यांच्या पायांनी, आणि त्यांच्या पायांनी ते खरंच हितंच असतं.

आमच्या घरात या दहा मिनिटांचे घाऊक व्यापारी म्हणजे आमचे बाबा. वणीच्या गडावर तेव्हा ट्रॉली नव्हती. पायऱ्या चढायच्या, दुसरं काही नाही. चैत्रात खानदेशातून पायी आलेली माणसं, तापल्या दगडांवर अनवाणी, खांद्यावर झेंडे, आणि त्यांच्या गर्दीतून आम्ही दोघी बहिणी बाबांचा एकेक हात धरून चढायचो. "बाबा, किती?" "आलंच, त्या कमानीच्या मागं." कमानीच्या मागं आणखी पायऱ्या. "बाबा?" "ते झाड दिसतंय ना? तिथून दहा मिनिटं." मला ते झाड अजून आठवतं. बाबांवर राग यायचा आणि त्याच वेळी त्यांचा हात आणखी घट्ट धरावासा वाटायचा. वर पोचलो की ते म्हणायचे, "बघ, सांगितलं असतं तर आली असतीस का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. कदाचित नसते आले. मग डोंगराच्या कड्यात अठरा हातांची ती शेंदरी देवी बघितली नसती, आणि तिचे ते मोठे डोळेही.

पुढं बाबांचे गुडघे गेले. शेवटच्या वर्षांत पलंगापासून गॅलरीतल्या खुर्चीपर्यंत जाणं हीच त्यांची चढाई होती. मी त्यांच्या काखेत हात घालून चालवायची आणि नकळत म्हणायची, "आलंच बाबा, दोन पावलं." दोन नसायची, दहा-बारा असायची. एकदा ते मध्येच भिंतीला टेकून थांबले आणि म्हणाले, "माझंच औषध मलाच पाजू नकोस. बारा आहेत. मी मोजलीत." मग मोजत मोजत गेले, तोंडानं, मोठ्यानं. बाराव्याला खुर्चीत बसले आणि जिंकल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले. दमलेल्या माणसाला खरा आकडा दिला तर तो खचेल असं आपण धरून चालतो. बाबा त्या आकड्यावर चालले. पण सहा वर्षांच्या मला चैत्राच्या उन्हात पायऱ्यांचा आकडा सांगितला असता तर? दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात आणि त्यांचं आपसात कधी पटत नाही.

हिशेबच करायचा तर डोंगरवाल्यांनी तोही करून ठेवला आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक ठोकताळा लिहून ठेवला. दर तीन मैलांना एक तास, आणि वर दर हजार फूट चढाला अर्धा तास. बारी ते शिखर सहा-साडेसहा किलोमीटर आणि अडीच-पावणेतीन हजार फुटांच्या आसपासचा चढ धरला, तर नेस्मिथसाहेबांच्या हिशेबानं अडीच-पावणेतीन तास होतात. धडधाकट माणसाचे. त्यात चिक्की खायला थांबणं, मधल्या दगडावर पाली शोधणं, बुटात खडा गेल्याची तक्रार, मावशीचं "जरा फोटो काढू दे" हे धरलेलं नाही. आजींनी मात्र ते सगळं धरलं होतं. आता आठवून बघते तेव्हा लक्षात येतं, की उत्तर द्यायच्या आधी त्यांनी लिंबावरची सुरी थांबवून भाच्याच्या पायांकडे बघितलं होतं. शाळेचे पांढरे बूट, एकाची नाडी सुटलेली. तिथंच त्यांचं गणित झालं असणार. तोवर भेटलेल्या कुणीच त्याच्या पायांकडे बघितलेलं नव्हतं.

नाडी बांध, एवढंही त्या म्हणाल्या नाहीत. त्यानंच बांधली.

आदल्या रात्री चुलीपुढं काकूंनी कळसूची गोष्ट सांगितली होती. माझ्या वाचनात ती जुन्या गॅझेटिअरमध्येही आलेली आहे, पण चुलीपुढं ऐकण्याची मजा निराळी. कळसू ही कोळ्याची पोर, रानात भटकायची आवड असलेली. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला इंदोरे गाव, तिथं ती एका घरी कामाला राहिली. पण राहतानाच तिनं अट घातली की बाकी काय सांगाल ते करीन, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. घरच्यांनी कबूल केलं. काही दिवस सुरळीत गेले. मग एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला लावली, केर काढायला लावला. तिनं भांडी घासली, केर काढला, आणि निघाली ती थेट डोंगरावर. शेवटपर्यंत तिथंच राहिली. तिनं भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर टाकला तो काळदरा. भाचा म्हणाला, "पण भांडण का नाही केलं?" काकू म्हणाल्या, "भांडायचं कशाला? आधीच सांगितलं व्हतं की तिनं."

महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, आणि त्यावर बसलेली देवी कोण, तर घरकामाला राहिलेली एक पोरगी. असुर मारल्याची कथा नाही, कुणाला शाप दिला नाही. अटी आधी सांगितल्या, मोडल्यावर चालती झाली. मला ती फार आवडते. आणि तिच्या वाटेवर आज टपऱ्या मांडणाऱ्या बायका बघितल्या की वाटतं, हिच्याच घरच्या या. चार वासे, वरून निळी ताडपत्री, मागच्या अंगाला वाऱ्याला आडोसा म्हणून कुठल्याशा निवडणुकीचा जुना फ्लेक्स उलटा करून बांधलेला. पुढं पाटीत काकड्या, आवळे, बोरं. तीन दगडांची चूल, तिच्यावर काळं पडलेलं पातेलं. लिंबं, साखर, मीठ, ग्लास, सगळं डोक्यावरून आलेलं. पाण्याचे कॅनसुद्धा. शनिवार-रविवार आणि अशा सुट्टीच्या दिवशी उजाडायच्या आत चढायचं, अंधार पडायच्या आत उतरायचं, आणि मधल्या वेळात वर जाणाऱ्या प्रत्येकाच्या "किती राहिलं"ला उत्तर द्यायचं. दिवसाकाठी तो प्रश्न किती वेळा ऐकू येत असेल! मी त्यांच्या जागी असते तर पाटीच लिहून लावली असती.

शिखरावर गर्दी होती. देवळात एका वेळी चार-पाच माणसं मावतात, बाहेर रांग, घंटा सतत वाजत होती, आणि प्रत्येकाला घंटेसकट फोटो हवा होता. पण हिवाळ्यातल्या त्या हवेत चहूकडं जे दिसत होतं त्यापुढं गर्दी विसरायला झाली. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग एका ओळीत, कातळात कापलेले. दक्षिणेकडे भंडारदऱ्याचं पाणी, पलीकडे रतनगडाचा खुटा आणि लांब हरिश्चंद्रगडाचं पसरट धूड. पूर्वेला पट्टा आणि औंढा. उत्तरेला त्र्यंबकचे डोंगर निळसर धुरकटात अर्धे बुडालेले. भाच्यानं घड्याळ पुढं केलं. आजींपासून तिथपर्यंत एक तास दहा मिनिटं. तो डोंगर चढल्यापेक्षा त्या दहा मिनिटांवर जास्त खूश होता. "बरोबर मध्ये," तो म्हणाला. "तास आणि सव्वा तासाच्या."

उतरताना तो बदललाच. आता प्रश्न इतरांचे होते आणि उत्तरं द्यायची पाळी याची. घामाघूम झालेला एक दादा म्हणाला, "काय रे, किती राहिलं?" यानं थांबून त्याच्याकडे खालून वर बघितलं. "तुम्हाला पन्नास मिनिटं." एका काकूंना, "तुम्हाला दीड तास. पण शिडीपाशी सावली आहे." मी मागून खाणाखुणा करत होते, अरे, लोकांना असं बोलू नये. कुणी हसलं, कुणी "आगाऊ आहे हं" म्हणालं. एका गृहस्थांना तर चांगलाच राग आला, "आम्ही दरवर्षी येतो" असं त्यांनी सुनावलं. पण बरेच जण त्यानंतर दगडावर टेकले, पाणी प्याले, आणि मग उठून चढायला लागले.

आजींच्या टपरीवर परत थांबलो. सरबत घेतलं. मीठ जरा जास्त, आलं किसून घातलेलं, घशाला झिणझिण्या. माझ्या डोक्यात तोवर केवढं काय काय तयार झालं होतं! खरं बोलण्याची हिंमत, माघारी फिरण्याची मुभा, कळसूचा वारसा. मी जरा भारावूनच म्हटलं, "आजी, सगळे दहा मिनिटं सांगतात, तुम्ही एकट्याच खरं सांगता."

"दहा मिंटं सांगितलं की मानसं थांबत न्हाईत," आजी ग्लास विसळत म्हणाल्या. "पळत्यात वर. तास सांगितला की बसत्यात. बसलं की सरबत पित्यात." आणि ग्लास पालथा घालून पुढच्या गिऱ्हाइकाला, "या, बसा. अजून लय हाय."

मी जोरात हसले. आजीही हसल्या, पुढचा एक दात नसलेलं हसू. भारावलेपण उतरलं ते बरंच झालं. पण खरं सांगायचं तर त्यांचं धंद्याचं कारण ऐकूनही त्या उत्तरातलं काही कमी झाल्यासारखं वाटलं नाही. बसलेल्या माणसाला दम मिळतो आणि त्यांना वीस रुपये. यात कुणाचं काय बिघडलं? आणि "खाली घरच हाय" यात तर सरबत कुठंच बसत नाही. फिरलेलं गिऱ्हाईक काही त्यांच्याकडे परत येणार नसतं.

त्या खाली घर असण्याचा अर्थ थोडं उतरल्यावर भेटला. पहिल्या शिडीच्याही बऱ्याच खाली, एका दगडावर साठीच्या आसपासचं एक जोडपं बसलं होतं. नवीन कोरे बूट, दोघांच्या हातात लेबल न काढलेल्या काठ्या. काका उभे राहिले आणि भाच्याला विचारलं, "किती राहिलं रे बाळा?" मी मनात म्हटलं, आता मात्र गप्प बस. यानं काकांकडे बघितलं, काकूंच्या गुडघ्यावरच्या क्रेप बँडेजकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं. "अडीच तास. उतरायला अजून दोन." काका एकदम हिरमुसले. पण काकू! काकूंनी काठी टेकून उठता उठता असा काही सुस्कारा सोडला, की आजूबाजूच्या चार जणांनी वळून पाहिलं. "ऐकलंत? मला पहिल्या अर्ध्या तासातच फिरायचं होतं. पण जो तो आपला दहा मिनिटं, दहा मिनिटं. म्हटलं, दहा मिनिटांसाठी कुठं यांचा हिरमोड करायचा!"

ते आमच्याबरोबरच खाली आले. ज्यांना वर जमत नाही त्यांच्यासाठी पायथ्याकडं कळसूबाईचं देऊळ आहे, तिथं काकूंनी यथासांग दर्शन घेतलं, ओटी भरली, भाच्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. उरलेल्या वाटेवर त्यांनी मला दोन गुडघ्यांची, तीन डॉक्टरांची आणि एका सुनेची सगळी हकीकत सांगितली. काका मात्र गप्प गप्प, मागं मागं. शेवटी गाड्या लावल्या होत्या तिथं पोचल्यावर काकूंनी फोड केली. यांचा नव्या वर्षाचा संकल्प होता, पहिल्या तारखेला कळसूबाई. आणि यांनी सकाळी निघतानाच "कळसूबाई सर!" असं स्टेटस टाकून ठेवलं होतं, वर रेंज मिळेल न मिळेल म्हणून. चाळीस जणांनी अभिनंदनही करून झालं होतं.

"आता काढा ते," काकू म्हणाल्या.

काकांनी खिशातून फोन काढला, चष्मा वर केला, थोडा वेळ विचार केला आणि फोन परत खिशात ठेवला. "राहू दे," ते म्हणाले, "उद्या सकाळी आपोआप जातंच."